आत्याबाई आणि उपडी ताटं

“आधी ताट उपडं कर, मग चहा पी,” कॅप्टन घाटगे मला म्हणाले. त्यांचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्या हातात ओव्याच्या पाण्याचा पेला होता.

“पोट दुखतंय का, सर?”

“लोखंडेच्या हातचं वांगं खाल्लं की देवाचंबी दुखंल. तू तुझं ताट बघ.”

वांगं सगळ्यांनीच खाल्लंय, असं आमचा आचारी लोखंडे आतून ओरडला. मी मुकाट्यानं माझं ताट टेबलावर उपडं ठेवलं. शेजारी घाटग्यांचं होतं आणि त्यापलीकडे आमच्या इंजिनिअरचं, आंबेरकरचं.

ही गोष्ट एकोणीसशे साठ सालच्या एप्रिलमधली. आसामात मोहनबाडीच्या विमानतळाला लागून आमच्या कंपनीची बांबूची मेस होती. कंपनी कलकत्त्याची, खासगी, आणि तिची मालमत्ता म्हणजे दोन जुनी डाकोटा विमानं. उत्तरेच्या डोंगरांत रस्ते नव्हते, म्हणून तिथल्या चौक्यांना आणि गावांना तांदूळ, मीठ, रॉकेल आम्ही विमानानं पोचवायचो. मी चोवीस वर्षांचा होतो, को-पायलट होतो, आणि विमान उडवण्यातलं मला बरंच कळतं असं मला वाटत असे.

ताटांचा नियम घाटग्यांचा. युद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर डाकोटाच उडवत होते, तिथून त्यांनी तो आणला होता. निघताना प्रत्येकानं आपलं ताट उपडं ठेवायचं. परत आल्यावर आपल्याच हातानं ते सुलटं करायचं आणि जेवायला बसायचं. मधल्या वेळात त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. लोखंडेनं ते धुवायलासुद्धा उचलायचं नाही. नवा होतो तेव्हा मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं, “आणि जे परत आलेच नाहीत, त्यांच्या ताटांचं काय झालं, सर?”

घाटग्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “तळ पुढं हलला. ताटं तशीच टेबलावर टाकून आम्ही गेलो की लेका.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आमच्या विमानाचं नाव आत्याबाई. कागदावर तिला नंबर होता, पण तो फक्त कागदावर. आंबेरकर मालवणचा. त्याची एक बालविधवा आत्या होती. कुणाचं बाळंतपण असो, लग्न असो की मयत, पदर खोचून ती हजर, आणि काम करताना तोंडाचा पट्टाही चालू. आमचं विमान अगदी तसंच आहे, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत जन्मलेली ही बाई युद्धात हिमालय ओलांडून चीनला पेट्रोलची पिंपं आणि बंदुकीच्या गोळ्या नेत होती. युद्ध संपलं आणि लिलावात ती कवडीमोलानं विकली गेली. फाळणीत तिनं माणसं वाहिली. एकवीस जणांच्या जागेत साठ-सत्तर माणसं कोंबून आणली, असं जुने लोक सांगत. पुढे चहाची खोकी झाली, कोंबडीची पिल्लं झाली, शर्यतीचे घोडे झाले, एका संस्थानिकाच्या लग्नाचं वऱ्हाड झालं. आता तिच्या नशिबी तांदूळ आला होता. तिच्या पोटावरचा रंग एके ठिकाणी खरवडला की खाली दुसरा लागे, त्याच्याखाली तिसरा, आणि सगळ्यांत खाली लष्करी हिरवा. उजव्या इंजिनाजवळ गोळ्या लागल्याची तीन ठिगळं होती. मी येताजाता त्यांवरून हात फिरवायचो आणि कुणी बघितलं तर पत्रा तपासतोय असं दाखवायचो.

त्या दिवशी आम्ही सिरमेकला चाललो होतो. सिरमेक म्हणजे खोल दरीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर वसलेलं गाव. तिथं एक गवताची धावपट्टी होती. उतरायचं डोंगराकडे तोंड करून, चढावर. उडायचं उलट बाजूनं, उतारावर, आणि उतार संपला की थेट कडा, खाली नदी. दुसरा प्रयत्न तिथं नसे. म्हणून सिरमेकला फक्त कॅप्टननंच विमान हाताळायचं, असा कंपनीचा हुकूम होता. मी शेजारी बसून चाकं खाली, फ्लॅप खाली एवढंच करायचो.

घाटग्यांनी चाकं टेकवली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. विमान चढावर धावत होतं, वेग उतरत होता, आणि तेवढ्यात डावीकडच्या झुडपांतून एक मिथुन धावत आला. मिथुन म्हणजे त्या डोंगरातलं पाळीव जनावर. गव्याच्या अंगाचं, जाड शिंगांचं, आणि स्वभावानं कुणाचंही न ऐकणारं. विमान यायच्या आधी धावपट्टीवरून मिथुन हाकलायचे हे गावच्या पोरांचं काम. हा बेटा कुठं लपला होता कोण जाणे. पंखाखालून तो निसटला आणि शेपटीला भिडला. सगळं विमान हादरलं.

आम्ही थांबलो. आंबेरकर सर्वांत आधी खाली उतरला आणि शेपटीकडे धावला. मग त्याच्या शिव्या ऐकू आल्या, आणि त्या थांबल्या तेव्हा मला जास्त भीती वाटली.

शेपटीला दोन बाजूंना दोन आडवे पंख असतात. त्यांच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर हलणारा एक लांबट भाग असतो, त्याला एलेव्हेटर म्हणतात. विमानाचं नाक वर करायचं की खाली, ते त्याच्यावर ठरतं. सांगाडा धातूचा आणि वर कापड ताणलेलं. आमचा डावा एलेव्हेटर मोडलेल्या छत्रीसारखा लोंबत होता. मिथुन पलीकडे उभा राहून मान झटकत होता. त्याच्या शिंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

“ह्यां आता दुरुस्त नाय होवचा,” आंबेरकर म्हणाला. “नवीनच होया.”

“कॅप्टनना सांगतो,” असं म्हणून मी वळलो, तर घाटगे दारातल्या शिडीवरच बसले होते. बसले म्हणजे दुमडलेच होते. मी धावलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“वांग्याचं न्हाई वाटत हे, करखानीस,” ते म्हणाले आणि आडवे झाले.

गावच्या चौकीवर बोरा नावाचा कंपाउंडर होता. आसामी माणूस, चाळिशीचा. दवाखानाही तोच चालवायचा आणि शाळाही. त्यानं घाटग्यांच्या पोटाच्या उजव्या बाजूला बोटं टेकवली. घाटगे कधी ओरडत नसत. ते ओरडले.

बोरानं मला बाजूला घेतलं. “अपेंडिक्स आहे. फुटलं तर संपलं. उद्या दुपारच्या आत दिब्रुगडच्या इस्पितळात यांचं पोट उघडलं पाहिजे. माझ्याकडे गोळ्या आहेत, त्यानं ताप थोडा उतरेल. बाकी काही नाही.”

मी वायरलेसवर मोहनबाडीला बोलावलं. कंपनीचं दुसरं विमान कलकत्त्यात इंजिन उघडून पडलं होतं. हवाई दलाकडे विचारणा झाली. लवकरात लवकर म्हणजे परवा. पायी उतरायचं तर आठवडा. मी कानावरचा हेडफोन काढला आणि तसाच बसून राहिलो. ज्यांनी मला वाऱ्यात विमान कसं धरायचं ते शिकवलं, आईला दर महिन्याला पत्र टाकतोस की नाही म्हणून विचारलं, ते घाटगे माझ्यासमोर मरणार, आणि आत्याबाईची दोन्ही इंजिनं धडधाकट असून मी काही करू शकत नाही, या विचारानं माझं डोकं बधिर झालं.

“एलेव्हेटर कसा असतो?” बोरानं अचानक विचारलं. “म्हणजे कापड काढलं तर?”

आंबेरकरनं मोडका भाग दाखवला. बोरा त्या सांगाड्याकडे, त्याच्या फासळ्यांकडे बघत राहिला.

“याकेमच्या घरात आहे,” तो म्हणाला.

“काय आसा?”

“हेच.”

सिरमेकच्या वरच्या बर्फाळ धारेवर युद्धात एक विमान पडलं होतं, आमच्यासारखंच डाकोटा. त्याच्या पत्र्याचे तुकडे गावात घरोघरी होते. कुणी त्याची पातेली केली होती, कुणी डुकराच्या खोपटाला दार केलं होतं. त्या विमानाचा एखादा अख्खा भाग कुणाकडे असेल, असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

याकेमचं घर गावाच्या टोकाला होतं. जमिनीपासून उंच, बांबूचं, मध्ये चूल. त्या लोकांच्या घरांत चुलीच्या वर एकाखाली एक फळ्या टांगलेल्या असतात. खालच्यांवर मांस, मिरच्या, मक्याची कणसं धुरात वाळत असतात. याकेम साठीच्या आसपासची, बारीक, ताठ पाठीची बाई. तिनं आम्हाला चुलीशी बसवलं. मी वर पाहिलं. सगळ्यांत वर, छताच्या लगत, काजळीनं काळाकुट्ट झालेला एक लांबट सांगाडा टांगलेला होता. बाकीच्या फळ्या खच्चून भरल्या होत्या. त्याच्यावर मात्र मिरचीसुद्धा नव्हती.

आंबेरकर उभा राहिला. त्यानं टॉर्च मारला, बोटानं काजळी पुसली, कान लावून टिचकी मारली.

“धुरान राखल्यान रे ह्येका,” तो पुटपुटला. “पावसात असतां तर भाकरीसारखो फुटलो असतो. पण आग लागाक नाय. लय उंच आसा.” मग त्याचा आवाज बदलला. “करखानीस, देवाचां नाव घे. उजवो असलो तर काय उपेग नाय.”

तो बिजागऱ्या चाचपू लागला. मी खालून टॉर्च धरला. याकेम आमच्याकडे बघत होती.

“डावो आसा,” आंबेरकर म्हणाला आणि मटकन खाली बसला.

बोरानं याकेमला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हो म्हणत नव्हती. मी घाईनं म्हणालो, “काय हवं ते देऊ म्हणावं.” बोरानं मान हलवली. “ते विकायचं नाही, असं म्हणते. आणि आधी माणूस दाखवा म्हणते.”

ती आमच्याबरोबर चौकीपर्यंत आली. घाटगे तीन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. थंडी वाजून ताप भरला होता. याकेमनं घोंगडीत हात घातला आणि त्यांची पावलं धरली. आपल्या तळव्यांनी तिनं ती चोळली. मग तिनं बोराला एक प्रश्न विचारला.

“हे कुठं जाणार, असं विचारते.”

“मोहनबाडी,” मी म्हणालो.

“मोहनबाडी,” ती म्हणाली. बोराला भाषांतर करावंच लागलं नाही. ती उठली आणि घराकडे निघाली. थोड्या वेळानं चार गडी तो काळा सांगाडा खांद्यावर घेऊन धावपट्टीवर आले.

आंबेरकरचं त्या दिवशीचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यानं सांगाडा घासला, वाकलेल्या फासळ्या सरळ केल्या, दोन ठिकाणी आमच्याच मोडक्या भागातले तुकडे बसवले. पावसाळ्यात धावपट्टीवर उतरता येत नसे तेव्हा मीठ आणि रॉकेल आम्ही पॅराशूटनं टाकायचो, ती पांढरी पॅराशूटं चौकीवर पडून होती. त्यांचं कापड फाडलं. शिवायला गावच्या बायका आल्या. आंबेरकर त्यांना मालवणीत ओरडून सांगत होता, त्या आपल्या भाषेत हसत होत्या, आणि टाके मात्र हवे तिथं हवे तसेच पडत होते.

कापड चढलं, पण ढिलं. ते ताठ करायला डोप नावाचं व्हार्निशासारखं द्रावण लागतं. आंबेरकरच्या पेटीत अर्धाच डबा होता.

“आता?” मी म्हणालो.

“आता पेज,” आंबेरकर म्हणाला. “मेल्या, विमानात चाळीस पोती तांदूळ आसा आणि तू इचारतंस आता काय? आवशीन तुझ्या कधी साडयेक खळ घातल्यान नाय?”

मोठ्या हंड्यात तांदूळ शिजला. बायका पेजेत हात बुडवून कापड चोळत होत्या. डोप पुढच्या कडेला, मागे पेज, आणि वर ओल लागू नये म्हणून चौकीतल्या मेणबत्त्या वितळवून मेण. मशाली लावून रात्रभर काम चाललं. पहाटे आंबेरकरनं कापडावर बोट आपटलं तेव्हा डफासारखा आवाज आला.

उजाडल्यावर त्यानं सांगाडा शेपटीशी नेला. मी एक टोक धरलं होतं. बिजागरी बिजागरीत बसली. भोकासमोर भोक आलं. बोल्ट बोटानं आत सरकला. सोळा वर्षं चुलीवर लटकलेली ती वस्तू दुसऱ्याच विमानाला अशी जाऊन बसली, जणू कालच काढून ठेवली होती. आंबेरकरनं बोल्ट आवळले. मी आत जाऊन कॉलम, म्हणजे एलेव्हेटर हलवणारा दांडा, मागे ओढला आणि तो बाहेरून ओरडला, “हलता! हलता रे झिला!”

आता उडवायचं होतं, आणि उडवायला मी होतो.

पोती उतरवून आत्याबाई रिकामी केली होती. घाटग्यांना रिकाम्या पोत्यांच्या गादीवर झोपवलं. मी त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसलो. ताप बोलत होता की ते, कळत नव्हतं.

“सर, मी सिरमेकहून कधीच उडवलं नाही.”

“मला ठाव हाय की.”

“जमेल का?”

त्यांनी डोळे उघडले. “मर्दा, कड्यावनं पडताना विमानाला वेग येतोच. तू फकस्त घाई करू नको. आत्याबाईला उडायचं आसंल तवा ती सांगती. ऐकून घे.”

मी उतरून एकदा चाकं बघायला गेलो, तेव्हा याकेम शेपटीशी उभी होती. पांढऱ्या कापडावर तिचा तळहात टेकलेला होता. मला बघून ती बोलू लागली. बोरा भाषांतर करत होता आणि मध्येच थांबत होता.

“म्हणते, हे परत आणू नकोस. तिथंच राहू दे.” याकेमनं वरच्या धारेकडे बोट दाखवलं. “ते विमान पडलं तेव्हा ती आणि तिचा भाऊ वर गेले होते. विमानात चार जवान पोरं होती. तिघं मेलेली. एक जिवंत होतं. त्याला पाठीवर घेऊन दोघांनी खाली आणलं. तिनं त्याला चुलीशी ठेवलं, पण त्याची थंडी काही गेली नाही. त्याची भाषा इथं कुणालाच येत नव्हती. एकच शब्द तो पुन्हा पुन्हा बोलायचा. मोहनबाडी. तिसऱ्या दिवशी तो गेला. मग तिनं वरून त्याच्या विमानाचा हा भाग आणवला आणि चुलीवर टांगला. म्हणते, त्याला ऊब तरी मिळू दे.”

याकेमनं कापडावरून हात फिरवला.

“म्हणते, आता पुरे ऊब मिळाली. आता घरी ने.”

मी तिला वाकून नमस्कार केला. आमच्याकडे मोठ्यांना करतात तसा, पायांना हात लावून. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला धुराचा वास होता. मी वळलो आणि धावत आत चढलो, कारण ढग धारेवरून खाली उतरायला लागले होते.

कॅप्टनच्या डाव्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. उजवीकडे आंबेरकर बसला. आपण जोडलेल्या विमानात आपण बसायचं, हा त्याचा धर्म होता. इंजिनं सुरू झाली. आत्याबाई थरथरली, खोकली, आणि तिनं तोंडाचा पट्टा सुरू केला. आंबेरकरनं हात जोडले आणि इंजिनांच्या वर आवाज काढून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा येशीच्या धन्या, आज ह्यो झील तुझ्या लेकराक घेवन जाता हा. ह्येच्या वाटेत जो कोण आडो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा! मिथुनाक पयलो!”

प्रत्येक गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यायचा असतो. मी द्यायला विसरलो. मागून, पोत्यांच्या गादीवरून, खोल आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

मी दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल पुढे ढकलले.

उतारावर आत्याबाई धावू लागली. गवत, झोपड्या, उभी माणसं मागे पळाली. कडा समोरून येत होता. मी कॉलम पुढे लोटला आणि शेपूट उचलली गेली. त्या काळ्या सांगाड्यानं, त्या पेजेनं आणि मेणानं, त्या बायकांच्या टाक्यांनी तिला उचललं. माझ्या तळव्यांना ते कळलं. कॉलम मागे ओढावासा वाटत होता, हात शिवशिवत होते, पण मी थांबलो. गवत संपलं. आंबेरकरनं डोळे मिटले. खाली एकदम दरी आली, आम्ही किंचित खचलो, आणि मग आत्याबाईनं सांगितलं. खरंच सांगितलं. कॉलम हलका झाला, मी ओढला, आणि तिनं नाक वर केलं.

मी रडत होतो हे मला नदीच्या वळणावर कळलं.

दीड तासानं डोंगर संपले आणि ब्रह्मपुत्रेचं सपाट रान दिसलं. मोहनबाडीची लांब धावपट्टी उन्हात पडली होती. युद्धात हीच धावपट्टी होती. त्या चौघांनी तिच्यासाठीच नाक वळवलं असेल, दारूगोळा चीनमध्ये उतरवून, रिकाम्या पोटी. मी चाकं टेकवली, मग हळूच शेपूट टेकवली. एवढ्या हळू मी पुढे कधी टेकवली नाही. जीप तयार होती. घाटग्यांना घेऊन ती दिब्रुगडकडे सुटली. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर उघडून उपयोग नव्हता.

पुढे कलकत्त्याहून तपासनीस आले, नवा एलेव्हेटर आला. त्यांनी पेजेचं कापड बोटानं दाबून पाहिलं आणि आंबेरकरकडे पाहिलं. आंबेरकर आभाळाकडे बघत होता. जुना सांगाडा काढून आम्ही मेसच्या भिंतीला टेकवून ठेवला. तो जुन्या बाजारात द्यावा, असं मला किंवा आंबेरकरला सुचलंही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी दुपारी घाटगे परत आले. निम्मे झाले होते. काठी घेऊन मेसमध्ये आले आणि टेबलापाशी उभे राहिले. त्यांचं ताट त्या सकाळपासून तिथंच उपडं होतं. लोखंडेनं त्याच्याभोवती पुसलं होतं, पण त्याला हात लावला नव्हता. घाटगे त्याच्याकडे हसून बघत होते. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

“ह्योच का त्यो?”

“होय, सर.”

“कुणाचा हाय?”

मी त्यांना याकेमनं सांगितलेलं सगळं सांगितलं. चौघं पोरं, बर्फ, चूल, आणि तो एक शब्द. घाटगे ऐकत होते. मध्येच त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

“मोहनबाडी म्हणत हुता?”

“होय.”

त्यांनी जाऊन त्या सांगाड्यावर तळहात टेकवला. मग त्यांनी हाक मारली, “लोखंडे! चार ताटं आण.”

“कोण येणाराय, साहेब?”

“तू आण की.”

लोखंडेनं चार ताटं आणली. घाटग्यांनी ती आमच्या ताटांच्या शेजारी ओळीनं मांडली. चारी उपडी. त्यांनी कुणाला मदत करू दिली नाही. मग त्यांनी पहिलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि सुलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्याला थोडा वेळ लागला. शेवटी स्वतःचं केलं.

“वाढ,” ते म्हणाले.

लोखंडेनं माझ्याकडे पाहिलं, आंबेरकरकडे पाहिलं, आणि काही न विचारता वाढू लागला. चारी ताटांत भात, वर वरण, तुपाची धार. आत जाऊन तो परत आला आणि प्रत्येक ताटात लिंबाची फोड ठेवून गेला. आमचीही पानं वाढली गेली. मला सडकून भूक लागली होती. मी भाताला हात घातला, तेवढ्यात घाटग्यांनी माझं मनगट धरलं.

“थांब लेका,” ते म्हणाले. “ते लांबनं आल्यात. आधी त्यांना जेवू दे.”